सातव्या धड्याची मध्यवर्ती कल्पना

१९७५, ऑक्टोबरातला पहिला शनिवार. सकाळची शाळा, कारंजा लाड, दहावीचा वर्ग. हजर: इंग्रजीचे सर, मुली पाच, त्यांत मी आणि माझ्या बाकावरची कापड दुकानदाराची मुलगी, मुलगे छत्तीस, त्यांत इंझोरीहून एस.टी.नं येणारा मॉनिटर. गैरहजर: दोन मुलगे, ज्वारीच्या राखणीला गेलेले. ही नोंद मी त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर केली. झालं ते उद्या कुणीतरी नाकारणार, याची मला खात्री होती.

सर इंग्रजी शिकवत ते असं. धडा वर्गात कुणी वाचायचा नाही. सर त्याचा मराठी अर्थ दहा मिनिटांत सांगत, मग तपकिरी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर उघडत आणि त्यातून लिहून देत. आधी सारांश, मग पात्रं, शेवटी सेंट्रल आयडिया. ती नेहमी एका वाक्याची असे आणि सर ती स्वल्पविरामासकट सांगत. आम्ही ती पाठ करायची आणि पेपरात जशीच्या तशी उतरवायची. पुस्तक उघडलं नाही तरी चालत असे. बरीच मुलं ते उघडतच नसत, कारण पुढच्या वर्षी कोरं म्हणून विकता येई.

मी उघडत असे. हुशारी म्हणून नव्हे, सोय म्हणून. उजळणी लवकर व्हावी यासाठी प्रत्येक उत्तराच्या शेजारी समासात मी पान आणि ओळ लिहून ठेवत असे.

त्या शनिवारी सातवा धडा होता. एका नदीवर पूल होतो. नावा बंद पडतात. तरी एक म्हातारा नावाडी रोज संध्याकाळी धक्क्यावर दिवा लावतो. गावाच्या पंचांकडे तेल मागतो, ते देत नाहीत. तो घरातलं खायचं तेल दिव्यात ओततो. गोष्ट एवढीच. सरांनी रजिस्टरमधून सेंट्रल आयडिया सांगितली. मराठीत तिचा अर्थ असा: लोभी माणसाला, कितीही मिळालं तरी, शेवटी शिक्षाच मिळते.

मी लिहिलं. समासात पान घालायला गेले, तर पान सापडेना. हात वर केला.

"सर, हे कोणत्या ओळीवरून?"

"कोन्या ओळीवरून म्हंजे?"

"पान नंबर लिहायचा होता."

मागचे मुलगे हसले. सर हसले नाहीत. "त्यानं तेल मागतलं का नाही? मंग? मागनारा मानूस लोभी नसते का?"

"तेल दिव्यासाठी मागितलं, सर. पान बेचाळीस, खालून तिसरी ओळ. स्वतःचं खायचं तेल त्यानं ओतलं, ते पान त्रेचाळीस."

सरांनी रजिस्टर मिटलं. "तुले जास्त समजते तर तूच शिकव. ही माफी मागत नाही तोवर आठवा धडा कोनाले मिळनार नाही." मग माझ्याकडे न बघता, हातावरचा खडू पुसत म्हणाले, "अन् दिवाळीनंतर चाचणी हाय. इंग्रजीत गेली, तर बोर्डाचा फॉर्म भरू देनार नाही मी. ध्यानात ठेव."

ही नुसती धमकी नव्हती. चाचणीत नापास झालेल्यांचे फॉर्म शाळा खरंच अडवत असे, आणि इंग्रजीचे पेपर सरच तपासत. फॉर्म अडला असता तर माझी शाळा संपली असती. आमच्या घरी मुलीला दुसरं वर्ष देण्याची पद्धत नव्हती.

रविवारी मी थोरल्या बहिणीची ट्रंक काढली. ती आसेगावला सासरी होती. तिच्या वह्या आमच्याकडेच पडून होत्या. जुन्या अभ्यासक्रमाच्या, जुन्या पुस्तकाच्या. तिच्या इंग्रजीच्या वहीत सातवा धडा निघाला. तो एका सोनं पुरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचा होता, आणि त्याखाली तेच वाक्य होतं. तोच स्वल्पविराम, त्याच जागी.

पुस्तक बदललं होतं, रजिस्टर बदललं नव्हतं. सर धड्याच्या नंबरावरून चालत होते. बाकीच्या धड्यांचं त्यांनी नव्यानं लिहिलं असेल, सातव्याचं राहून गेलं असेल. आमच्या आधीच्या तुकडीनं हाच नावाडी लोभी म्हणून पाठ केला होता आणि कुणालाही काही खटकलं नव्हतं. पुस्तक उघडल्याशिवाय खटकणार तरी काय?

मी फुलस्केप कागदावर यादी केली. नावाडी लोभी नाही हे दाखवणाऱ्या नऊ ओळी, प्रत्येकीपुढे पान आणि ओळ. सोमवारी यादी आणि बहिणीची वही घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीत बाकाभोवती सगळे जमलेच होते, पण यादीसाठी नव्हे.

मुलगे तेव्हा मुलींशी थेट बोलत नसत. मॉनिटर माझ्या बाकावरच्या शेजारणीकडे बघून म्हणाला, "तिले सांग, आठवा, नववा, दहावा, सारे धडे बुडले तिच्यापायी. आमी काय इथं तिचं नाटक पाहाले येतो का? मी चार मैल पायी इंझोरीले येऊन गाडी पकडतो."

"ऐकलं ना वं?" शेजारीण म्हणाली.

मी यादी पुढे केली, वही उघडून दाखवली. मॉनिटरनं दोन्ही नीट वाचलं. त्याला मी कधी आवडले नाही, तोही मला आवडला नाही, पण वाचलं त्यानं नीट.

"बरं. सर चुकले," तो शेजारणीला म्हणाला. "मंग बरोबर काय हाय? एक वाक्य दे म्हना. आमी तेच पाठ करतो."

"या नऊ ओळी वाचल्या की सुचेल," मी म्हटलं.

"आमाले सुचलं असतं तर शाळेत कायले आलो असतो?"

सगळे हसले. मी घाईघाईनं म्हटलं, "कर्तव्य. माणसानं आपलं कर्तव्य सोडू नये."

शेजारीण वर्गात पहिली येत असे. माझ्याशी गोड बोलून माझ्या समासातल्या पान-ओळींवरून ती जूनपासून उजळणी करत आली होती. तिनं पुस्तक ओढून घेतलं. "नाव येतच नाही, लोक पुलावरून जाऊन राह्यले, मंग कायचं कर्तव्य वं? कोनी सांगतलं होतं त्याले दिवा लावाले? कोन्या ओळीवरून?"

मी ओळी शोधल्या. नव्हत्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी म्हटलं, जुन्या दिवसांची आठवण. तिनं पुन्हा विचारलं, कोणत्या ओळीवरून. आठवणीचा शब्द धड्यात कुठेही नव्हता.

"म्हंजे तुलेबी नाही येत," ती म्हणाली. "मंग सरांचं काय वाईट होतं? निदान पाठ तर झालं होतं."

घंटा झाली. मॉनिटर जाताना म्हणाला, या वेळी सरळ माझ्याकडे बघून, "उद्या माफी माग. नाही तर पाह्य."

मंगळवारी मी शिक्षकांच्या खोलीत गेले. बहिणीची वही दप्तरात होती. ती काढून सरांपुढे टाकायची, हे मी रात्रीच ठरवलं होतं. काढली नाही. फॉर्मवर सही त्यांच्या हातात होती, आणि त्यांनी विचारलं असतं की बरोबर काय ते सांग, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"चुकलं सर," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"विचारलं ते."

"सेंट्रल आयडिया म्हन."

म्हटली. चार शिक्षक चहा पीत बघत होते. सरांनी तीन वेळा म्हणायला लावली, आणि तिसऱ्या वेळी स्वल्पविरामाला थांबले नाही म्हणून चौथ्यांदा. मग म्हणाले, "आता पान नंबर पायजे का?" ते चौघे हसले.

आठवा धडा त्याच दिवशी मिळाला. चाचणीत सातव्या धड्याची सेंट्रल आयडिया विचारली. मी सरांचं वाक्य लिहिलं. सहापैकी सहा मिळाले, शेजारी लाल शाईनं शाबासकी. फॉर्म भरला गेला. वर्ग मार्चपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तर मीही बोलले नसते.

सरांबद्दल लोक अजून चांगलं बोलतात. त्यांचे विद्यार्थी मोठ्या हुद्द्यांवर आहेत, असं सांगतात. असतील. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करण्याचं कारण मला दिसत नाही. त्यांनी धडा वाचला नव्हता. शेजारणीचा राग त्यांच्याहून जास्त येतो, कारण तिनं वाचला होता. तिनं विचारलं ते बरोबर होतं, आणि विचारून ती परत सरांचंच वाक्य पाठ करायला बसली.

पुस्तक मी विकलं नाही. यादीत आता नवाच्या चौदा ओळी झाल्या आहेत. कागद दोनदा उतरवून काढला. वर शीर्षक लिहिलं आहे, मध्यवर्ती कल्पना, आणि खाली आजवर पाच वाक्यं लिहून पाचही खोडली आहेत. त्यांतलं शेवटचं गेल्या वर्षी खोडलं. तेरा ओळींना ते बसत होतं. पण पान त्रेचाळीसवर तो दिवा लावून तिथे बसत नाही, पाठ फिरवून घरी जातो, त्या ओळीला बसत नव्हतं. नव्या वाक्यासाठी दोन ओळींची जागा सोडली आहे. जास्त लागली तर मागची बाजू कोरी आहे.