चाळीसचं टोक

माझे मालक कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. तिथले एक सर उपग्रहावरच्या दुर्बिणीचं काम करत. ती दुर्बीण ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजायची. किरण किती आले ते कागदाच्या लांब फितीवर शाईच्या टोकांनी उमटे. टोक जितकं उंच तितके किरण जास्त. ही उंची पट्टीने मोजून वहीत लिहायला कोणीतरी हवं होतं. मी चौथी शिकलेली, अक्षर बरं. मालक फितीच्या गुंडाळ्या घरी आणू लागले.

सासूबाई मला इतवारीच्या बाजारात भाजीलाही एकटी पाठवत नसत. दिवसभर त्यांच्या नजरेसमोर. पण कॉलेजचं काम म्हणून दुपारी दोन तास मागच्या खोलीचं दार लावून घ्यायला मिळे. तेवढंच माझं होतं.

प्रत्येक गुंडाळीतलं पहिलं टोक ताऱ्याचं नसे. मालक सांगून गेले, "हे यंत्राच्या आतलंच आहे. चाळीस मिलिमीटर राहते. सरनं सांगतलं."

काही महिने चाळीस आलं. मग एकोणचाळीस. मला वाटलं, पट्टी झिजली. नवी मागवली, तर अडतीस. एवढ्या मोठ्या लोकांनी वर पाठवलेलं यंत्र बिघडेल हे मनातच आलं नाही. चूक माझीच असणार. मालकांना विचारलं असतं तर म्हणाले असते, जमत नाही तर सोड. मी चाळीसच लिहीत राहिले. ताऱ्यांची टोकं मात्र दिसली तशी लिहिली, कारण ती किती यावीत हे कोणी सांगितलंच नव्हतं.

एका रविवारी सर घरी आले. मी दाराआड उभी होते.

"सगळे तारे एकदम मंद होत आहेत," ते मालकांना म्हणाले. "आणि तपासणीचं पहिलं टोक तर चाळीसवरून हललेलं नाही. म्हणजे यंत्र ठीक आहे. तसं मी केंद्राला कळवतो आहे."

"इतके लोक टकटक पाहून राहिले, तर नजर लागनच ताऱ्याईले," सासूबाई म्हणाल्या.

मी आतूनच म्हटलं, "ते टोक काल तेहतीस आलं. मी चाळीस लिवलं."

"काहून वं?" मालक ओरडले.

"तुम्हीच सांगतलं, चाळीस राहते."

सर मालकांकडे वळले. "कमी झालं तर लगेच कळवा, असंही सांगितलं होतं ना? ते कमी झालं की यंत्र मंदावलं हे समजतं. त्यासाठीच ते आहे."

सर रागावले नाहीत. दाराकडे पाहून म्हणाले, "बाई, सगळ्या गुंडाळ्या पुन्हा मोजाव्या लागतील, माझ्यासमोर. तुमचा हात बसला आहे. कॉलेजात याल?"

येते, हा शब्द तोंडात आला होता. सासूबाई खाकरल्या.

"तिले नाही जमत, सर," मालक म्हणाले. "लई भित्री आहे."

सरांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. परक्या माणसासमोर मी आताच बोलले होते. पुन्हा बोलायला ओठ उघडले नाहीत. त्यांनी गुंडाळ्या सुतळीने बांधल्या आणि नेल्या.

"बरं झालं, सुटली," मालक म्हणाले. संध्याकाळी सासूबाईंनी मागच्या खोलीत वाळवणाची चादर पसरली. पापडांना वारा लागावा म्हणून ते दार दिवसभर उघडंच राहू लागलं.