धनेश, चार लिंबं आणि पाचवं चाक

"रस्ताच तसला होता, त्याला कोण काय करणार?" असं आमच्या सिंगापूरच्या मित्रमंडळींत आता सर्वानुमते ठरलेलं आहे. त्या सर्वांत मी नाही, म्हणून हे लिहिते आहे. मलेशियातल्या जोहोरच्या जंगलात पिकअप घेऊन जायचा बेत असणाऱ्यांनी वाचावं. ज्यांनी आमच्या सहलीच्या फोटोंवर अंगठे उमटवले त्यांनी तर जरूर वाचावं.

बेत ठरला तोआ पायोहला, आमच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात. माझे सासरे नाशिकहून तीन आठवड्यांसाठी आले होते. बाबांनी जन्मभर पोस्टात नोकरी केली आणि सगळे रविवार पक्ष्यांना दिले. आता त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले आहेत. उजव्या डोळ्याने जवळपास दिसत नाही, आणि डावा आहे तोवर वापरून घ्या असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. इथला छोटा काळापांढरा धनेश त्यांनी पाहिला होता, तो काय, लोकांच्या बाल्कनीतसुद्धा येऊन बसतो. त्यांना बघायचा होता मोठा, डोक्यावर केशरी शिंग मिरवणारा. कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपात चमचा फिरवत ते म्हणाले, "तो एक बघितला की मग माझी काही तक्रार नाही."

माझ्या नवऱ्याने, अभयने, लगेच फोन काढला. जोहोरमध्ये कहांग गाव ओलांडलं की पामच्या मळ्यांतून पन्नासेक किलोमीटर खडीचा रस्ता आहे आणि त्याच्या टोकाला जंगल. तिथल्या रेंजरने कळवलं की नदीकाठच्या कॅम्पसमोर वडाच्या जातीचं एक झाड फळांनी लगडलंय, संध्याकाळी मोठे धनेश येतात आणि बराच वेळ बसून खातात. बाबांना बसलेलाच पक्षी हवा. उडता पक्षी त्यांना दुर्बिणीत सापडत नाही, बसलेला असला की हळूहळू शोधून ते त्याला गाठतात. अट एकच होती, दुपारी चारच्या आत फाटकावर नोंद करायची, नंतर कुणालाही आत सोडत नाहीत. बाबांचं परतीचं विमान रविवारी रात्रीचं होतं. म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ, एवढंच आमच्या हातात होतं.

सोबत निघाला अभयचा मित्र निखिल. तो राहतो यिशुनला, बुओना व्हिस्टाला दोघं एकाच ऑफिसात, आणि गाड्यांमधलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. सिंगापुरात पिकअप म्हणजे मालाची गाडी, सहलीला ती कोण देणार? म्हणून जोहोर बाहरूहून चार दारांची पिकअप भाड्याने घेतली. एक सल्ला इथेच देते. सीमेवरचा वुडलँड्सचा पूल शनिवारी उजाडायच्या आत गाठा, नाहीतर अर्धा दिवस तिथेच संपतो. आणि भाड्याच्या कागदावर विम्याचा परिच्छेद वाचा. बहुतेक ठिकाणी टायर आणि काचा विम्यात धरत नाहीत. आमच्यापैकी तो मी एकटीने वाचला.

गाडी ताब्यात घेतल्यावर निखिलने पिशवीतून नारळ आणि लिंबं काढली. नारळ फोडला, बोनेटला कुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. यार्डातला माणूस शांतपणे बघत होता, त्याला आमच्यासारखी गिऱ्हाइकं सवयीची असावीत. माझी लेक इरा अकरा वर्षांची आहे. तिने तिच्या सिंगापुरी वळणात विचारलं, "पण टायर तर फाइव्ह आहेत, व्हॉट. स्पेअरला नाही?" सगळे हसले. मीही हसले, पण लगेच म्हटलं की लिंबू राहू दे, त्या पाचव्या चाकात हवा आहे का ते बघा. स्टेपनी पिकअपच्या मागच्या हौद्याखाली टांगलेली असते, बघायची तर खाली आडवं व्हावं लागतं. निखिलच्या अंगात नवा पांढरा टीशर्ट होता.

"वहिनी, भाड्याची गाडी आहे. त्यांनी बघूनच दिली असणार," तो म्हणाला.

'असणार' हा शब्द आम्ही सिंगापूरकर फार वापरतो. लिफ्ट तपासलेली असणार, पूल तपासलेला असणार, कुणीतरी कुठेतरी सही केलेली असणार. इथे ते खरंही असतं, आणि त्यामुळे आपण स्वतः वाकून बघायचं विसरून गेलो आहोत. देवाला मात्र विसरत नाही. चार चाकं त्याच्यावर सोपवली आणि पाचवं यार्डवाल्यावर.

मी सीए करत असताना कोकणातल्या रेडीच्या खाणींवर साठा मोजायला जायचे. तिथल्या पिकअप रोज धारदार दगडांवरून धावायच्या आणि त्यांचे टायर फुटायचे नाहीत, कारण माणसं साध्या चार गोष्टी पाळायची. डांबरी रस्ता संपला की हवा थोडी उतरवायची, म्हणजे टायर दगडावर दबतो, कापला जात नाही. वेग सायकलवाला पुढे निघून जाईल इतका कमी ठेवायचा. ओझं पुढे सरकवायचं, मागच्या टोकाला लादायचं नाही. आणि थांबलं की उतरून पाची चाकांना हात लावायचा. यात कसली विद्या आहे? हे मी कहांगच्या पेट्रोल पंपावर सांगितलं. अभयने तेव्हा उलट हवा भरून घेतली, सामान जास्त आहे म्हणून दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय त्याहून थोडी जास्तच. सामानाचं म्हणाल तर राइस कुकर, शेगडी, घडीच्या खुर्च्या, पाण्याची खोकी, श्रीखंडासाठी बर्फाची पेटी, सगळं हौद्याच्या पार मागच्या टोकाला. पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप मी सोबत घ्यायला काढून ठेवला होता, तो अभयने घरीच ठेवला. का? तर उगाच ओझं नको.

खडी सुरू झाली. लाल माती आणि तिच्यात वर आलेले टोकदार दगड. पामच्या घडांनी भरलेल्या लॉऱ्या समोरून यायच्या आणि दगडांचा शिडकावा करून जायच्या. अशा वेळी बाजूला घेऊन थांबावं, धूळ बसू द्यावी. निखिल गाडी चालवत होता आणि त्याचं म्हणणं होतं की वेगात गेलं की खड्डे लागतच नाहीत. मागे माझ्या शेजारी बाबा दुर्बीण छातीशी धरून बसले होते, धक्क्याने काच सरकू नये म्हणून. ते माझ्या कानाशी म्हणाले, "जरा हळू घ्यायला सांगतेस?" मुलाच्या मित्राला ते स्वतः सांगत नाहीत, मुलाला वाईट वाटेल म्हणून. मी सांगितलं. दोन मिनिटं वेग उतरला, मग पुन्हा होता तेवढाच.

निम्मा रस्ता सरला असेल. खालून ठप्प असा आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला बसला. मागच्या डाव्या टायरच्या मध्यावर नखभर छेद होता. अभय म्हणाला, काही नाही, दहा मिनिटांत बदलू. दांडा फिरवून स्टेपनी खाली सोडली, ओढून बाहेर काढली आणि दोघेही तिच्याकडे बघत राहिले. मी अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला.

"च्यायला, बॅड लक," निखिल म्हणाला.

"नशीब नाही," मी म्हटलं. "कुणी बघितलं नाही. नशिबाला मध्ये आणू नका."

अभय म्हणाला की रस्त्यात दगडच असे आहेत, त्यात आपला काय दोष. आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. त्या रस्त्यावर पामच्या लॉऱ्या रोज जातात. दगड सगळ्यांना सारखेच होते.

फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळाने मळ्यातली एक पिकअप आली, तिने निखिलला आणि दोन्ही चाकांना कहांगला नेलं. आम्ही उरलो गाडीच्या सावलीत. घरी राहिलेल्या त्या किटने आणि पंपाने आमचं सगळं काम अर्ध्या तासात झालं असतं, हे मी मोठ्याने म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. अभयने घडीची खुर्ची उघडून बाबांना बसवलं. चार वाजून गेले. किती वाजले ते बाबांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर तो आवाज आला. आधी मला वाटलं वरून एखादं यंत्र चाललंय. ढम्म, ढम्म, जड पंखांनी हवा कापल्याचा. बाबा खुर्चीतून ताडकन उठले, या वयात मी त्यांना असं उठताना पाहिलेलं नाही. "तोच आहे! कुठे? कुठल्या बाजूला?" इरा हात दाखवून ओरडत होती, "देअर, आजोबा, देअर, टू ऑफ देम!" दुर्बीण डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत डावीकडे. मी पाहिले. मोठी केशरी शिंगं, उन्हात पेटल्यासारखी. पामच्या रांगांवरून ते दोघं जंगलाकडे गेले, आम्ही जिथे असायला हवं होतं त्या झाडाकडे. बाबांची दुर्बीण रिकाम्या आभाळावर फिरत राहिली.

थोड्या वेळाने निखिल दुरुस्त चाक घेऊन आला. त्याला हे कळलं तेव्हा तो मनापासून खूष झाला. "बघा, पंक्चर झालं म्हणून तर ऐकायला मिळालं. जे होतं ते बऱ्यासाठीच." अभयने मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा असा समाधानाचा घास आपण किती पटकन गिळतो! माणूस इतक्या लांबून डोळ्यांचा उरलासुरला उजेड घेऊन एक पक्षी बघायला आला होता, ऐकायला नाही. ऐकायला त्याचे कान अजून पुष्कळ वर्षं शाबूत राहणार आहेत.

फाटक बंद झालेलं, म्हणून माघारी फिरलो. रविवारी पुन्हा जावं तर धनेश यायचे संध्याकाळी, आणि रात्री बाबांचं विमान. रात्र क्लुआंगला स्वस्त, स्वच्छ हॉटेलात काढली. सकाळी कोळशावर भाजलेला पाव, खोबऱ्याचा जॅम आणि कोपी मिळाली. ती उत्तम होती, तुम्ही गेलात तर जरूर घ्या. बाबांनी तोंड भरून कौतुक केलं. संपूर्ण सहलीत त्यांनी एका अक्षराने कुणाला बोल लावला नाही. कधी कधी वाटतं, त्यांनी लावायला हवा होता.

दुपारी तोआ पायोहला परत. बॅगा भरून झाल्या. निघायच्या आधी त्यांच्या नाशिकच्या पक्षीमित्राचा, जोशीकाकांचा, फोन आला, बाबांनी तो स्पीकरवर घेतला. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, धनेश दिसला का?

"दिसला की," बाबा म्हणाले. "जोडी होती. नराचं शिंग अगदी केशरी, टोकाशी वर वळलेलं. चोच बुडाशी तांबडी. खूप वेळ बसले होते फळं खात. पोराने फार केलं हो माझ्यासाठी."

हे सगळं त्यांच्या पुस्तकात आहे, रंगीत चित्रासकट.

अभय दाराशी बॅग घेऊन उभा होता. त्याने बॅग खाली ठेवली आणि तो लिफ्टने कारपार्कमध्ये गेला. मी कॉरिडॉरच्या कठड्यावरून पाहिलं. आमच्या गाडीची डिकी उघडून, वरचं सामान बाजूला करून तो स्टेपनीवर वाकला होता आणि अंगठ्याने ती दाबून बघत होता. ती टणक होती, मला माहीत आहे, मी दर महिन्याला बघते. चांगी विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर एक खडासुद्धा नसतो.