भाईकाकांचं गाऱ्हाणं आणि अडलेली फाइल

आधीच सांगते, या फोरमवर मी आजवर फक्त भांडायला आले आहे. पिंपळाखालची बाई, मागून येणारे पैंजण, असं काही कोणी लिहिलं की खाली "पुरावा काय?" विचारणारी आगाऊ मुलगी म्हणजे मीच. आमच्या घाटकोपरच्या घरात देव्हारा नाही. देव्हारा असायचा त्या कोनाड्यात बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे आहेत. कामगारांचे हक्क, बुवाबाजी, पाणीकपात... मी वाचायला शिकले तेच मुळी त्या पत्रकांवर. त्यामुळे हे लिहिताना माझं डोकं फिरलेलं आहे हे समजून घ्या. घाबरले तेव्हाही नव्हते. वैतागले होते, आणि अजून वैतागलेलीच आहे.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करते. शेवटच्या सेमिस्टरला दोघी-दोघींचं प्रोजेक्ट असतं. माझी पार्टनर सुप्रिया. राहणारी चारकोपची, मूळची कुडाळकडची, आणि फाइलींना नावं देण्यात साफ बेशिस्त. तिच्या लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल खरंच’, ‘हीच घ्या’ आणि ‘हीच घ्या जुनी’ असे फोल्डर शेजारी-शेजारी नांदतात. सगळं नीट लावायचं, कॉपी करायचं, बॅकअप ठेवायचं काम अर्थात माझ्याकडे.

आमचा विषय होता कांजूरमार्गची एक जुनी चाळ. गिरण्या बंद पडल्यावर कोकणातली बरीच कुटुंबं तिथे आली, रुजली. आता चाळ पाडून टॉवर होणार होता. सगळ्यांना नव्या जागा मिळणार होत्या, फक्त रत्नाकाकूंना नाही. त्या मागच्या अंगाच्या खोलीत राहायच्या. नवरा गेलेला, मूल नाही, आणि खोली त्यांची असल्याचा एकही कागद हातात नाही. बिल्डरचा साइट मॅनेजर तोंडाने गोड बोलायचा, "काकूंचं बघू की, काकू घरच्याच आहेत." लिहून द्या म्हटलं की त्याचा फोन वाजायचा.

चाळ रिकामी करायच्या दिवशी सगळे चौकात जमले. भाईकाका, म्हणजे चाळीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कुठल्याही मोठ्या कामाआधी एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो "रे म्हाराजा" म्हणतो, आणि जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला दुजोरा देतात.

मी कॅमेरा घेऊन उभी होते. कॅमेरा कॉलेजचा, कार्डही कॉलेजचं. भाईकाकांचं गाऱ्हाणं ऐकून मी चाट पडले. ते चक्क मागण्यांचं पत्रक होतं! ज्या मजल्यार जे शेजारी, त्येच मजल्यार त्येच शेजारी ऱ्हवांदेत, रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! रत्नाकडे कागद नाय म्हणान तिका कोणी भायर काढता नये, रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! आणि गंमत म्हणजे, प्रसादाला आलेला तो साइट मॅनेजर पहिल्या रांगेत हात जोडून उभा होता आणि प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणत होता. मी झूम करून त्याचा चेहरा घेतला. चाळभर साक्षीदार, कॅमेऱ्यासमोर, रत्नाकाकूंच्या घराला होकार!

मी स्वतः मात्र एकदाही तोंड उघडलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. सुप्रियाने कोपराने ढोसलं, तरी नाही.

आता खरी गोष्ट. कार्ड त्याच आठवड्यात लॅबला परत करायचं होतं. मीडिया लॅबचे कदम सर शिस्तीचे. दुसऱ्या बॅचचं शूटिंग जुहूला होतं, पाच वाजता कार्ड त्यांच्या हातात गेलं पाहिजे आणि जाण्याआधी ते फॉरमॅट होणार. म्हणजे त्याआधी गाऱ्हाण्याची फाइल उतरवली नाही तर ती कायमची गेली, आणि रत्नाकाकूंचा एकुलता एक पुरावाही गेला. कारण चाळीत बाकी कोणी शूट केलंच नव्हतं. मीच सगळ्यांना सांगितलं होतं, "मोबाइल खाली ठेवा, मी घेतेय ना नीट."

परत करायच्या दिवशीच दुपारी आम्ही लॅबमध्ये बसलो. खिडकीबाहेर कॅन्टीनचा गोंगाट, डोक्यावर करकरणारा पंखा. बाकीच्या सगळ्या फाइली सटासट उतरल्या. गाऱ्हाण्याची फाइल निम्म्याच्या जरा पुढे गेली आणि हिरवी पट्टी थांबली. एरर नाही, मेसेज नाही. नुसती थांबली.

मी केबल बदलली. कार्ड रीडर बदलला. शेजारचा कॉम्प्युटर घेतला. पेनड्राइव्हवर घ्यायचा प्रयत्न केला, तर फाइल मोठी म्हणून नकार. कदम सरांनी पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला, पुन्हा सुरू, पुन्हा तिथेच ठप्प. अँटिव्हायरस बंद केला. सरळ क्लाउडवर चढवून बघितली, तिथेही तेच.

"वाट लागली," मी म्हटलं.

"वडापाव खा, वाट सुटेल," सुप्रिया म्हणाली. ती खातच होती.

"डोकं नको खाऊ यार. काकूंचं घर आहे त्या फाइलमध्ये."

मग कुठे खराबी आहे ते बघावं म्हणून कॉपी चालू ठेवूनच मी फाइल प्ले केली. भाईकाका दिसले. मागणी मागत "रे म्हाराजा" पर्यंत आले, आणि चित्र गोठलं. हात वर, तोंड अर्धवट उघडं. हिरवी पट्टीही गोठलेली.

"व्हय म्हाराजा," सुप्रिया तोंडात घास असताना म्हणाली. नुसत्या सवयीने. लहानपणापासून म्हणत आलेली ती.

चित्र सुटलं. चौकातल्या लोकांचा एकदम गजर आला, "व्हय म्हाराजा!" आणि पट्टी पुढे सरकली.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि फिस्सकन हसलो. तेवढ्यात भाईकाका पुढच्या "रे म्हाराजा" ला आले. पुन्हा चित्र गोठलं, पट्टी अडली.

"योगायोग आहे," मी म्हटलं. "कार्ड खराब आहे, सिस्टिम पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते, मध्येच जमतं. तू गप्प बस. थांबून बघू."

थांबलो. हलेना. मी पंख्याकडे बघत शंभरदा स्वतःला सांगितलं की आता हलेल. मग म्हटलं, प्रयोगच करायचा तर नीट करू. सुप्रियाला म्हटलं, दुसरं काहीतरी म्हण. ती म्हणाली, "चला महाराज, निघा." काही नाही. "ओके बॉस." काही नाही. शेवटी मी कदम सरांना बोलावलं आणि काहीही न सांगता म्हटलं, "सर, जरा ‘व्हय म्हाराजा’ म्हणा ना."

"काय गं, टिंगल चाललीय का?"

"प्रोजेक्टचं आहे सर."

"व्हय म्हाराजा," सर कंटाळून म्हणाले. पट्टी सरकली.

सर म्हणाले, "झालं की. मघापासून काय रडताय?" आणि कार्डासाठी घड्याळाकडे बघायला लागले.

मग सुप्रिया म्हणत गेली आणि फाइल उतरत गेली. माझी अवस्था काय सांगू! अंगावर काटा वगैरे अजिबात नाही, नुसता संताप. जन्मभर जे नाकारलं ते एका हिरव्या पट्टीच्या रूपाने समोर बसून मला वाकुल्या दाखवत होतं. तरी खुर्ची सोडली नाही. काकूंसाठी.

शेवट जवळ आला, अगदी थोडं राहिलं, आणि पुन्हा अडली. "व्हय म्हाराजा," सुप्रिया म्हणाली. ढिम्म. पुन्हा म्हणाली. ढिम्म. कदम सरही म्हणाले, या वेळी बऱ्यापैकी मनापासून. तरी नाही.

"काय म्हणाले भाईकाका आत्ता?" मी विचारलं. शूटिंगच्या वेळी मी मॅनेजरच्या चेहऱ्यात इतकी गुंतले होते की शेवटची मागणी ऐकलीच नव्हती. सुप्रियाने थोडं मागे नेऊन लावलं.

"आणि ह्या चेडवान जा काय आपल्या मशिनीत भरून घेतल्यान, ता जेंचा आसा तेंका परत हाडून दाखवांदे, रे म्हाराजा!"

सुप्रिया माझ्याकडे बघायला लागली. "चेडू म्हणजे मुलगी. तू. या मुलीने मशीनमध्ये जे भरून घेतलं, ते ज्यांचं आहे त्यांना परत आणून दाखवू दे, म्हणतायत. हे तुझं आहे, मुक्ता. हे आम्ही कसं म्हणणार?"

"मी नाही म्हणणार."

"का? परत दाखवणार नाहीयेस?"

"दाखवणारच आहे! पण स्वतःच्या मर्जीने. अशी जबरदस्ती नाही चालणार. आणि हे नुसते शब्द आहेत गं, पूजेतले!"

"वा. तो मॅनेजर ‘व्हय’ म्हणाला तर तो पुरावा, आणि तू म्हणालीस की अंधश्रद्धा?"

मी माउस आपटला.

"पोरींनो, कार्ड," कदम सरांनी हात पुढे केला. जुहूवाली बॅच दारात उभी होती. पट्टीचं शेवटचं टोक पांढरंच होतं.

मी दात-ओठ खाऊन स्क्रीनकडे बघितलं आणि ओरडले, "व्हय म्हाराजा! बास?"

पट्टी भरली. ‘कॉपी पूर्ण’ असं आलं. सरांनी कार्ड ओढून घेतलं आणि माझ्यासमोर फॉरमॅट केलं. जुहूवाल्यांपैकी कोणीतरी हसलं.

माझ्या कॉम्प्युटर इंजिनिअर मामेभावाचं म्हणणं, कार्डातला खराब भाग, दुसरं काही नाही. मान्य. मी हेच घोकत राहिले. फाइल जशीच्या तशी जोडून प्रोजेक्ट जमा झालं, मार्क मिळाले. मी फाइल पुन्हा उघडली नाही. बघायचं काय होतं त्यात, मीच शूट केलेलं.

मग बिल्डरने मिटिंग बोलावली, नव्या घरांच्या अंतिम करारावर सह्यांसाठी. चाळीतले लोक भाड्याच्या घरांतून, कोणी विक्रोळीहून, कोणी पार कांदिवलीहून आले. रत्नाकाकू सगळ्यांच्या मागे, हातात रिकामी पिशवी घेऊन उभ्या. त्यांचं नाव नव्हतंच. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि म्हटलं, आधी हे बघा.

सगळे बघायला लागले. आपली चाळ, आपला चौक, आपली माणसं. बायका डोळे पुसत होत्या. रत्नाकाकूंची मागणी आली, आणि मॅनेजरचा चेहरा स्क्रीनभर झाला. "व्हय म्हाराजा!" हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

मॅनेजर हसला. लॅपटॉप चालूच होता. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "मॅडम, ते देवापुढचं बोलणं हो. नुसते शब्द. तुमच्यासारख्या शिकलेल्या मुली मानतात का असलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर भाईकाका शेवटच्या मागणीला आले होते, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून, चाळीच्या गजरावर चढलेला, माझा आवाज आला.

"व्हय म्हाराजा! बास?"

हॉल खदाखदा हसला. भाईकाका सगळ्यांत जास्त. रत्नाकाकूंनी पुढे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्या दिवसा इतक्या चिडलेलंस कित्याक गे?"

का चिडलेलीस म्हणे! त्या दिवशी चौकात मी तोंडच उघडलं नव्हतं. सुप्रियाला विचारा. तिच्या कोपराचा वळ होता माझ्या बरगडीवर.

मिटिंगचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. कागदावर रत्नाकाकूंचं नाव चढल्याशिवाय चाळीतल्या एकाही माणसाने सही केली नाही. नाव चढलं. हा चमत्कार नव्हे. हॉलभर माणसं हाताची घडी घालून बसली, म्हणून झालं. कोणी याला देवाची कृपा म्हणाल तर याद राखा.

पण त्या आवाजाचं काय करू? फाइल मी हेडफोन लावून ऐकली आहे. ‘बास?’ च्या मागे लॅबचा तो पंखा करकरतो. चौकात पंखा नव्हता. आकाश होतं वर. मूळ कार्ड पुसलेलं, तेव्हा ताडून बघायची सोय नाही. फाइलच्या कितीतरी कॉपी काढून मी घरोघर दिल्या, एकही अडली नाही. घरी बाबांना ऐकवली. त्यांनी चष्मा काढून दोनदा ऐकली आणि म्हणाले, "कारण सापडेल तेव्हा सापडेल. आवाज तुझाच आहे ना?"

माझाच आहे.

कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर खाली लिहा. "श्रद्धा ठेव" एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, मी भांडेन. टॉवरचा पाया अजून खणला जातोय. भाईकाकांनी फोन करून सांगितलंय की पहिल्या स्लॅबच्या दिवशी ती फिल्म पुन्हा सगळ्यांना दाखवायची, आणि पुढचंही सगळं शूट करायचं, इमारत उभी राहीपर्यंत. रविवार मोडतो, दुसरी कामं राहतात, जाम वैताग येतो... पण जावं लागणार. होय म्हणून बसले ना मी.