दोन दांड्यांची गाडी

नवरा निवडताना मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी चहाचा ट्रे नेला, मान खाली घातली आणि ठरलं. त्याची भरपाई म्हणून की काय, गवत कापायचं मशीन निवडायला मात्र मी तीनदा नागपूरला गेले. तेव्हा मी चौसष्टची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आज सत्तरीत त्या बाईकडे पाहिलं की हसू येतं. डोक्यावर पदर, काखेत पर्स, पर्समध्ये चष्म्याची दोन घरं, आणि दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न, "हे बंद तर नाही ना पडत?" जसं काही सेल्समन सांगणारच होता, "हो माताजी, रोज पडते."

आमचं लॉन आहे. आमच्याकडे लॉन म्हटलं की गवत नंतर आठवतं, आधी लग्न आठवतं. पिपरी मेघेच्या पुढे, रस्त्याला लागून सासऱ्यांची जमीन होती, तिच्यात कपाशी आणि तूर व्हायची. शहर सरकत सरकत आमच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत आलं तेव्हा शेजारच्यांनी शेतं विकली. आमच्या ह्यांनी शेत ठेवलं, फक्त पीक बदललं. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकाचं शेड आणि त्याला लागून आमचं घर, मधे चार एकर हिरवळ. त्या हिरवळीला कोणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. ढकलायचं एक मशीन होतं, त्याच्यामागे सकाळी सकाळी स्वतः चालायचे. माणूस ठेवा म्हटलं की म्हणायचे, "त्याची रेघ वाकडी येते." पाहुण्यांना वरमाई दिसायची, मांडव दिसायचा, पनीर दिसायचं. रेघ फक्त ह्यांना दिसायची.

मग लकवा आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं. विचित्र हे झालं की डावीकडे जग आहे हेच ते विसरले. ताटातलं उजवीकडचं सगळं जेवायचे आणि डावीकडचं तसंच ठेवून हात धुवायला मागायचे. ज्या माणसाला ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता, त्याला डाव्या बाजूला वाढलेला ठेचा दिसत नव्हता. मी ताट गरकन फिरवायचे, की लगेच, "अरे, हा कवा वाढला?"

उठायला मात्र तयार नव्हते. व्यायाम करवून घ्यायला एक पोरगा यायचा, त्याच्याकडे पाठ करून पडायचे. दिवसभरात एकच प्रश्न, "गवत कोण कापून राह्यलं?" कोणी का कापेना, उत्तर त्यांना आवडायचं नाही.

आमचा मुलगा वर्ध्याला बँकेत आहे. एका रविवारी त्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाला, "आई, बाबा उठले, लॉनवर लक्ष देऊ लागले, तर ठेवू. नाईतर यंदाचं लगनाचं सीझन झालं का लेआउट पाडून टाकू. तू एकटी कितीक दिवस पाहशीन?" तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. लॉनचे प्लॉट पडले तर ह्यांना बिछान्यातून उठायला काही कारणच उरणार नव्हतं, आणि ते मी सांगूनही त्याला दिसत नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं की ह्यांना चालता येत नाही ना, मग बसून कापतील. बसून गवत कापायची गाडी असते, हे मी नातीच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

पहिल्या खेपेला सेल्समननं मला स्टिअरिंगवाली गाडी दाखवली. "माताजी, ये लो. कार जैसी है. कोई भी चला लेगा."

कोपऱ्यात दुसरी उभी होती. तिला स्टिअरिंगच नव्हतं. सीटच्या दोन्ही अंगांनी दोन दांडे येऊन मांडीवर वळलेले.

"आणि ते काय आहे?"

"वो झिरो टर्न है. एकही जगह पे पूरी घूम जाती है. बडी प्रॉपर्टीवाले लेते हैं. मगर सीखना पडता है." मग त्यानं समजावलं. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की सरळ चालते. डावा ओढला की डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. दोन्ही मधे आणले की थांबते, आणखी ओढले की मागे जाते.

मी तिथल्या खुर्चीवर बसूनच घेतलं. हे तर कासरे! तरुणपणी आमचे हे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. बैल उधळल्यासारखे सुटायचे आणि सगळा खेळ दोन दोरांवर. पार आष्टीकडचे लोक यांना जोडी हाकायला बोलवायचे. मला वाटलं, देवानंच ही गाडी यांच्यासाठी घडवून नागपूरच्या कोपऱ्यात ठेवली. किती विश्वास होता त्या बाईला! देवाला दुसरं काही कामच नव्हतं.

मग सुरू झाली माझी परीक्षा. पट्टा तुटला तर इथे मिळेल का परदेशातून येईल? पात्यांना धार कोण लावतो? ओलं गवत असलं की चोंदते का? इंजिन आमच्या मे महिन्यात टिकेल का? पाती फिरतात ते खालचं ताट एका पातळ पत्र्याचं ठोकून काढलेलं आहे की जाड पत्रा जोडून केलेलं? हा शेवटचा प्रश्न मला नातीनं शिकवून पाठवला होता. सेल्समन "मोटा है" म्हणाला, पण मी ऐकणार थोडीच. खाली वाकले आणि बोटाच्या गाठीनं ते ताट वाजवून पाहिलं.

"माताजी," तो म्हणाला, "मटका नहीं है."

दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या दुकानात जाऊन हेच सगळं वाजवून आले. जाता-येता केळझरच्या गणपतीला हात जोडायचे. पहिल्यांदा मागितलं, ह्यांना पूर्ण बरं कर. दुसऱ्यांदा म्हटलं, निदान डावा हात दे. तिसऱ्यांदा हे सोबत होते, त्यांना गाडीतून उतरवणं कठीण होतं, म्हणून काचेतूनच नमस्कार केला आणि मागितलं काय, तर पट्टा मजबूत निघू दे. मागणं असं आखडत गेलं आणि मला कळलंही नाही.

पहिल्याच दुकानात आमच्या मुलानं त्यांना धरून त्या दोन दांड्यांच्या गाडीजवळ उभं केलं. उजव्या हातात काठी. बैलबाजारात फिरतात तसे ते तिच्याभोवती हळूहळू फिरले. मागून पाहिलं. चाकावर काठीनं टोकलं. मग सेल्समनला म्हणाले, "दात दाखव."

सेल्समन माझ्याकडे पाहू लागला.

"पाती म्हणतात ते," मी म्हटलं.

त्यानं आणि मुलानं मिळून पुढची बाजू उचलली. हे वाकले, त्या नव्याकोऱ्या पात्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि तोंड अर्धंच हललं, पण हललं. "आदत हाय वं," म्हणाले.

आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं जनावर. आजारी पडल्यापासूनची ती त्यांची पहिली थट्टा होती. झालं. पट्टा, पाती, जाड पत्रा, सगळं चुलीत गेलं. त्या एका शब्दावर मी गाडी घेतली.

परतीच्या वाटेवर हे मागच्या सीटवर झोपले होते. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, डावा हात चालत नाई त्याईचा. दोन हाताची गाडी काऊन घेतली?"

"हाताले सवय राह्यते. आपोआप चालीन."

"अवं, हात विसरला नाई. हाताले हुकूमच जाऊन नाई राह्यला. डॉक्टरनं सांगतलं ना तुले?"

"डॉक्टरनं बैल हाकले का कधी?"

मी सेलूपर्यंत स्वतःवर खूश होते. असं बिनतोड उत्तर मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं, आणि जे सुचलं ते असं.

गाडी आली त्या दिवशी मी तिला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आदल्या रात्री लग्न होऊन गेलं होतं, शेडजवळ बाया भांडी घासत होत्या. मुलानं आणि वॉचमननं ह्यांना उचलून सीटवर बसवलं. कमरेला सीटचा पट्टा बांधला. पाती बंद ठेवली होती, एवढी अक्कल मला होती. मी त्यांचा डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. बोटं मिटून दिली. उजव्यानं त्यांनी दांडा पुढे ढकलला आणि गाडी निघाली. पण उजवंच चाक निघालं. डावा हात दांड्यावरून घसरून मांडीत पडला होता. गाडी डावीकडे वळत वळत एक मोठा गोल घेऊन होती तिथेच आली.

"पुन्हा ठेव," ते म्हणाले.

मी पुन्हा ठेवला. पुन्हा गोल. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या आजच्या दिवस." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो डावीकडे उभा होता.

मग ते मला म्हणाले, "बांध."

मला लगेच कळलं. पटात हात दमला की कासरा मनगटाला गुंडाळून घ्यायचे. मी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्यांचं मनगट दांड्याला बांधलं. चांगलं घट्ट. मुलगा "आई, आई" करत होता, आणि मी, चार एकर जमीन आणि एक माणूस एका गाठीत वाचवायला निघालेली, त्याला म्हटलं, "तू बाजूले हो."

त्यांनी उजवा दांडा ढकलला. गाडीला हिसका बसला, त्यांचं अंग डावीकडे कललं, आणि बांधलेला हात अंगाच्या भारानं मागे ओढला गेला. उजवं चाक पुढे, डावं मागे. सेल्समन सांगत होता तेच झालं. एकाच जागेवर गाडी गरगर फिरू लागली. झेंडूचा हार सुटून लांब उडाला. भांड्यांपाशी एक बाई हसली, मग दुसरी. त्यांना वाटलं, बुढ्याला नवं खेळणं आलं.

ह्यांनी उजवा दांडा सोडून सीट धरली आणि अंग सरळ केलं. गाडी थांबली. मुलानं धावत जाऊन चावी काढली. त्यांना कुठे लागलं नव्हतं. माझ्याकडे तोंड करून ते एवढंच म्हणाले, "सोड."

गाठ इतकी घट्ट बसली होती की दातानं सोडवावी लागली.

दुकानदार गाडी परत घेईना. खराब निघाली असती तर घेतली असती म्हणे. महिनाभर ती शेडमध्ये उभी राहिली. गाडी येणार म्हणून कापणाऱ्या माणसाला मी आधीच काढलं होतं, त्या महिन्यात लग्नंही नव्हती, गवत गुडघ्यापर्यंत आलं आणि मग मीच शिकले. पहिल्या दिवशी मेंदीचं कुंपण खाल्लं, दुसऱ्या दिवशी पाण्याचा पाइप. आठवड्याभरात हात बसला. साडी खोचून, डोक्याला रुमाल बांधून मी चार एकर फिरायचे, आणि लग्नाचे लोक फोटो काढायचे. रेघ सरळ यायची. खोटं कशाला सांगू, फार सरळ यायची.

मला वाटलं, ह्यांनी हे पाहायला पाहिजे. घरची लक्ष्मी लॉन सांभाळते, खूश होतील, त्या खुशीत उठतील. म्हणून सकाळी त्यांची खुर्ची ओसरीत आणवून लॉनकडे तोंड करून ठेवायला लागले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, खुर्ची फिरव. मला वाटलं, ऊन डोळ्यावर येत असेल. त्या हुशार बाईनं काय करावं? हिरवी जाळी आणली आणि ओसरीला बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी जाळीच्या सावलीत बसून ते पुन्हा म्हणाले, फिरव. मला वाटलं, डिझेलचा वास येत असेल. माझ्या गाडीत पेट्रोल होतं, पण तेवढा विचार कोण करतो!

शेवटी त्यांनीच सोपं करून सांगितलं. मी गाडी लावून घाम पुसत ओसरीत आले तर म्हणाले, "चांगलं चालवून राह्यली तू."

"मग काय तर!" मी म्हटलं.

"मले आत ने."

मागच्या खोलीला लॉनच्या बाजूनं खिडकी नाही. तिथे त्यांनी खाट मागितली. गवत कोण कापून राह्यलं, हा प्रश्न त्यानंतर त्यांनी विचारला नाही. कोण कापतं ते त्यांना माहीत झालं होतं, आणि रेघ वाकडी येते असं म्हणायची सोयही मी ठेवली नव्हती. मी वाकडी कापली असती तर? कधीमधी एखादं कुंपण खात राहिले असते तर? त्या बाईला तेवढं सुचायला पाहिजे होतं. पण ती रोज संध्याकाळी गाडीला फडकं मारण्यात गुंग होती.

नातीला अजून वाटतं की आजीनं म्हातारपणी मोठा पराक्रम केला. ती मैत्रिणींना माझा गाडीवरचा फोटो दाखवते. मी हसते.

पुढे मुलानं लेआउटचं पुन्हा काढलं तेव्हा मी भांडायला पदर खोचूनच बसले होते. पण ह्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, "पाडा." मुलालाही वाटलं असेल की बाबा जरा तरी तंडतील.

मोजणीवाले यायचे होते. त्यांचा निरोप आला की गवत फार आहे, कापून ठेवा. मी सकाळीच गाडी काढली. एक फेरी झाली असेल, तर वॉचमन आतून हात हलवत आला, साहेब बोलवतात. मी धावत गेले. किती दिवसांनी त्यांनी मला कामातून हाक मारली होती.

"आज कोणाचं लगन हाय?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही जमलं.

"लगन नाई. मापवाले येऊन राह्यले. दगड गाडायले."

ते म्हणाले, "तं मंग आखीन खाली घे. मुळाशी काप. त्याईले जमीन दिसली पाह्यजे."

मी बाहेर आले, पाती एक खाच खाली घेतली आणि स्टेजच्या बाजूनं सुरुवात केली.