बेर्सीच्या किनाऱ्यावरचा पाइप

हाल्बेरा शब्दाची पक्की. शाळा पंधराव्या वर्षी सोडली, मासळीच्या कारखान्यात भांडून निघाली, पण फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठावरच्या मीठ कारखान्यात नऊ वर्षं टिकली. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यावर मोठ्या कढयांत समुद्राचं पाणी आटवायचं आणि वर धरलेली मिठाची पापडी अलगद काढायची. कोळसा नाही, धूर नाही.

समुद्राचं पाणी ओढणारा पाइप म्हाताऱ्या बेर्सीच्या किनाऱ्यावरून जायचा. मे महिन्यात तिथं आयडर बदकं अंडी घालतात. घरट्यातली मऊ पिसं विकून बेर्सीचं वर्ष निघतं. बदकं बसलेली असताना तिथं कुणी पाऊल टाकणार नाही, असा शब्द कारखान्यातर्फे हाल्बेरानंच दिला होता. शब्द मोडला तर पाइप उचलायचा.

आणि नेमकी मेअखेरीस पाइपाच्या तोंडाची जाळी शेवाळानं बुजली. कढया कोरड्या पडायला लागल्या.

मालक स्नायब्योर्न म्हणाला, "बोट काढू. इंजिन लावलं की पाच मिनिटांत काम."

"लाव इंजिन आणि उडव सगळी बदकं! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग कढया करपवू?"

"गप बस. मी विचारून येते."

बेर्सी पायरीवर बसून पिसांतला कचरा काढत होता.

"जाळी बुजलीये," हाल्बेरा म्हणाली. "ओहोटीला चालत जाऊन साफ करते. एकटी. एखादं बदक घरटं सोडून गेलं, तर शब्द मोडला असं धर. तू नाही म्हणालास तर नाही जाणार."

त्यानं तिला खालीवर बघितलं. "या पिवळ्या रेनकोटात? जहाज आलं म्हणून पळतील." त्यानं अंगातला तपकिरी कोट काढून दिला. "हा ओळखतात ती. वीस वर्षं धुतला नाहीये."

"ते नाकाला कळलं."

"आणि चालताना पुटपुटत राहा. मी पुटपुटतो."

"काय?"

"मंत्र्यांना शिव्या. हळू आवाजात."

हाल्बेरा वाकून, स्नायब्योर्नला शिव्या देत घरट्यांमधून गेली. बदकांनी माना वळवल्या, पण उठली नाहीत. दाताळ्यानं तिनं जाळी मोकळी केली. परतताना मात्र ओल्या दगडावर पाय सटकला, दाताळं खणखणलं आणि एक बदक फडफडत उडालं. मोठ्या दगडामागून आणखी एक.

कुंपणाशी बेर्सी दुर्बीण घेऊन उभा होता. "एक मादी उडाली. बघितलं मी. परत बसलीसुद्धा."

"दोन," हाल्बेरा म्हणाली. "दुसरी दगडामागची, तुला दिसली नसेल. ती आली नाही अजून. अंडी पिसांनी झाकून आलेय."

पाइप गेला असं धरूनच ती उभी राहिली. बेर्सीनं दुर्बीण दगडाकडे वळवली. अर्धा तास गेला. मग पाण्यातनं एक तपकिरी मादी वर आली, थांबली आणि दगडामागं शिरली.

"बसली," बेर्सी म्हणाला. "पाइप राहू दे. पण परत बुजला तर तूच ये. मालकाला हाकलून देईन."

खाली पंप पाणी ओढायला लागला होता.