वळणदार अक्षरांची लग्नपत्रिका

ती लग्नपत्रिका आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. पोलादपूरला नेमणूक असताना डोंगरातल्या वाडीवरचा एक शेतकरी चार भावकीवाल्यांना घेऊन पोलीस ठाण्यात आला आणि त्याने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली होती. तिचा साखरपुडा ठरला होता मुंबईच्या स्थळाशी. पत्रिकेत नवरदेव भलताच, आणि वेगळ्या समाजाचा.

"साहेब, इज्जत गेली माझी. त्या पोराला आत टाका," बाप म्हणाला.

हा पोरगा बिरवाडीत खोली घेऊन राहतो आणि कारखान्यात कामाला आहे, अशी खबर तिथल्या चहावाल्याने दिली. आणून विचारपूस सुरू केली, तर पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला, "मीच केली, साहेब. तिचा काय संबंध नाय."

कबुली इतकी चटकन आली की मला शंका येते. मी त्याला ठाण्यातल्या संगणकासमोर बसवलं. "कर बघू अशीच अक्षरं." बिचारा नुसता माऊस फिरवत बसला. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेली असती, तरी पठ्ठ्या कबुली मागे घेईना. मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

मग मी पत्रिका नीट बघितली. आपल्याकडे अशी हाताने झरझर लिहिल्यासारखी नक्षीदार अक्षरं फक्त नवरा-नवरीच्या नावांना वापरतात. बाकीचा मजकूर साधा ठेवतात, म्हाताऱ्या माणसांना वाचता यावा म्हणून. इथे मात्र मुलीच्या बापाचं नावही त्याच अक्षरांत होतं, वेलांटीचं शेपूट ओळभर लांबवलेलं, आणि नवरदेवाच्या नावापेक्षा मोठं. खोडसाळपणा करणारा माणूस दुसऱ्याच्या बापाचं नाव एवढ्या मायेने कशाला सजवेल?

महिला हवालदाराला पाठवून मुलीला बोलावलं. मुलगी सज्ञान, महाडच्या एका छपाईच्या दुकानात संगणकावर लग्नपत्रिका तयार करायची. पोराला बाकावर बसलेलं पाहून ती रडायलाच लागली.

"त्याला सोडा, साहेब. मी केलीय. कशी दिसते ते बघायचं व्हतं. मैत्रिणीला दाखवली, तिनं पुढं पाठवली."

"आणि वडिलांचं नाव एवढं मोठं?"

"आबा उभे नसतील तर कसलं लग्न, साहेब?"

बाप मागेच उभा होता. भावकीवाले कुजबुजायला लागले, तसं त्याने हात करून त्यांना गप्प केलं. बाकावर बसून त्याने मोबाइल मागितला. "ह्यात माझं नाव कुठं हाय?" त्याला ती वळणं लागतच नव्हती. मुलीने बोट ठेवून दाखवलं. त्याने त्या वळणांवरून स्वतःचं बोट फिरवलं.

तक्रार अर्ज त्याने मागे घेतला आणि मी डायरीत तशी नोंद केली. चिडून ठाण्यात येणाऱ्या बापाच्या मनात, घरात आपल्याला अजून कोणी विचारतं का, हीच धास्ती असते, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे असे अर्ज आले की मी आधी बापलेकींना समोरासमोर बसवायचो.

जाताना तो दारात थांबला. "अक्षर चांगलं काढलंस गो," मुलीला म्हणाला. "पण हीच खरी छापशील तेव्हा साधं काढ. वाडीतल्या लोकांना वाचता आलं पायजे."