सारिकाचं कार्ड

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, साताऱ्याच्या थोरल्या भावाच्याही नाही. तो फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस — त्याच्यासमोर तर तोंडच उघडणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या रस्त्यात भेटलो तर तुम्ही मला ओळखणार नाही.

सांगलीतल्या एका आरोग्य विद्यापीठात मी ग्रंथपाल आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपीवाले, सगळ्यांना संशोधन कसं करावं ते शिकवायच्या कार्यशाळा माझ्याकडे. शिकवायच्या असं म्हणायचं, एवढंच. कार्यशाळा म्हणजे काय, सांगू? दीपप्रज्वलनाला अर्धा तास, कारण पंख्याने वात विझते आणि पंखा बंद केला तर प्रमुख पाहुण्यांना घाम येतो. मग पाहुणे सांगतात की ग्रंथालय हे विद्यापीठाचं हृदय आहे. ते हृदय कितव्या मजल्यावर आहे हे त्यांनी आत्ताच शिपायाला विचारलेलं असतं. मग उपमा. उपम्यानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, सर्टिफिकेट वाटायच्या वेळी पुन्हा गच्च. शेवटी ग्रुप फोटो. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात, कित्येक जण तर सकाळीच लिहून ठेवतात. या लोकांना मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसत आलो. स्वतःला मात्र कायम वगळलं.

कारण माझी एक रीत होती, आणि तिचा मला भारी अभिमान. पूर्वी पुस्तकांची यादी कार्डांवर असायची. संगणक आला, लाकडी कपाटातले खण रिकामे झाले. मी काय करायचो, प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्यायचो. त्यावर आपल्या संशोधनाचा प्रश्न आपल्या हाताने लिहायचा, खाली सही आणि तारीख. ती कार्डं खणात. "तुमचा प्रश्न इथं सुरक्षित आहे," असं मी म्हणायचो, आणि टाळ्या पडायच्या. बहुतेक जण शेजाऱ्याचं कार्ड बघून लिहायचे, तो भाग वेगळा.

सारिकाने बघून लिहिलं नाही. जतकडची मुलगी, एम. एस्सी. नर्सिंगला होती. दरवर्षी मेंढरं घेऊन कृष्णेच्या पट्ट्यात उतरणारं घर. तिने लिहिलं होतं — मेंढरांमागे फिरणाऱ्या गरोदर बायकांची तपासणी कुठे आणि का चुकते? त्या दिवशी मी पडद्यावर तिचाच विषय घेऊन शोध करून दाखवला. स्थलांतरित मजूर असं टाकलं, ढीगभर लेख आले, आणि मी ऐटीत मागे वळलो. ती शेवटच्या रांगेत उभी राहिली.

"सर, ही ऊसतोडीची माणसं हायत. ती एका जागी खोपी घालून ऱ्हात्यात. आमी तिसऱ्या दिशी रान बदलतो. ह्यात आमच्या बायका कुठं हायत?"

सभागृह हसलं. मला हसलं. ती हसत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. बरोबर होती ती. मी "छान प्रश्न" म्हणालो आणि मनात गाठ मारून ठेवली. एवढ्याशा गोष्टीची कुणी गाठ मारतं का? मी मारली.

पुढे दोन वर्षं ती माझ्याच वाचनकक्षात बसून प्रबंध लिहीत होती. सुट्टी लागली की मेंढरांच्या तळावर जायची, बायकांशी बोलून यायची, आणि वहीतलं सगळं इथं बसून उतरवायची. मी रोज बघत होतो. हे लक्षात ठेवा — मी रोज बघत होतो.

प्रबंध जमा व्हायच्या आधी तो संगणकातून तपासायचं काम माझं. आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारी वाक्यं तो लाल करून दाखवतो. सारिकाचा प्रबंध पानामागून पान लाल निघाला. सगळा एकाच लेखाशी जुळत होता. लेख चार-सहा महिन्यांपूर्वी छापलेला. लेखक तिचेच मार्गदर्शक, आमचे विभागप्रमुख. एकटेच. तिने प्रकरणं तपासायला दिली होती, साहेबांनी ती अशी तपासली होती.

मला कळायला किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत कळलं. काम मुळात तिचंच आहे असा पुरावा ग्रंथालयाकडे असला, तर ग्रंथपालाने तसं लेखी द्यायचं, की विद्यार्थी सुटतो. आणि पुरावा होता. तिचं कार्ड. त्यावरची तारीख लेखाच्या कितीतरी आधीची.

सारिकावर नकलेचा ठपका आला. चौकशी समिती बसायच्या आदल्या दिवशी ती आली. "सर, माजं कार्ड हाय न्हवं खणात? त्याच्यावर तारीख हाय." बघतो, म्हणालो. ती गेल्यावर पहिलाच खण ओढला, तिच्या बॅचचा. वरच्या चार कार्डांत होतं. मी ते काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

का? घाबरलो म्हणावं, तर माझी नोकरी कायम, तो विभागप्रमुख माझं काडीचं वाकडं करू शकत नव्हता. मग? पुढच्या कार्यशाळेच्या पत्रिका छापून आल्या होत्या, प्रमुख पाहुणे म्हणून त्याचंच नाव. आता त्याच्याशी वैर कशाला? इतकंच. आणि आणखी एक — जिच्यामुळे सभागृह मला हसलं होतं ती अडचणीत सापडली, याचं मला बरं वाटत होतं. होय, बरं वाटत होतं.

समितीने विचारलं, ग्रंथालयाकडे काही नोंद आहे का? मी "नाही" म्हणालो. कार्ड तेव्हाही खिशातच होतं. सारिका दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. माझा चेहरा पडलेला दिसला असेल तिला, कारण ती हळूच म्हणाली, "आसू द्या सर. लय कार्डं आसत्यात. हरवलं आसंल."

ती मला समजावत होती.

इथं थांबलो असतो तर भेकड म्हणून सुटलो असतो. पुढच्याच महिन्यात, त्याच पत्रिकेतल्या कार्यशाळेत, मी तिचा लालभडक रिपोर्ट पडद्यावर दाखवला. नावावर काळी पट्टी. पट्टीखाली कोण आहे हे साऱ्या सभागृहाला ठाऊक होतं. "कॉपी करायलासुद्धा अक्कल लागते," मी म्हणालो. सगळे हसले. विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसले. या वेळी मला कुणी हसलं नाही.

तिला नवा विषय घ्यायला सांगितलं. तिने घेतला नाही, शिक्षणच सोडलं. त्या लेखाबद्दल विभागप्रमुखांचा सत्कार झाला, तेव्हा शाल मीच ताटातून पुढे केली.

मागे मिरजेच्या स्टँडवर सारिका दिसली. एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नजर चुकवण्याआधीच तिने ओळखलं, सर म्हणून हाक मारली. अजून पोरांकडून कार्डं लिहून घेता का, असं विचारलं. घेतो, म्हणालो. चांगली पद्धत आहे, म्हणाली, आणि तिची बस आली.

आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या. तिसरीतलाच मी, खण उघडून पोरीचं कार्ड पळवणारा.

ते कार्ड फाडलेलं नाही. ऑफिसातल्या माझ्या टेबलात आहे, अभिप्रायाच्या फॉर्मांखाली. तिचं अक्षर सुरेख आहे. कार्यशाळा चालूच आहेत, उपमाही चालू आहे. परवा कार्डं गोळा करताना नव्या बॅचमधल्या एका मुलीने विचारलं, सर, इतकी कार्डं, हरवत नाहीत का? सगळे माझ्याकडे बघत होते.

इतक्या वर्षांत एकही हरवलं नाही, असं मी सांगितलं. ते मात्र खरं आहे.